सुपर मारिओ सनशाइन: पाठीवरच्या पंपाने खेळ तारला की बिघडवला?

उनाड_दुपार (धागाकर्ता)

सुपर मारिओ सनशाइन परवा रात्री परत संपवला. तिसऱ्यांदा. आणि तिसऱ्यांदाही तेच झालं, पहिले दोन आठवडे कामावरून आलो की कधी एकदा कंट्रोलर हातात घेतो असं व्हायचं आणि शेवटचा आठवडा मी नुसता उरकत होतो. एकाच खेळात हे दोन्ही कसं काय असतं याचा बरेच दिवस विचार करतोय, म्हणून धागा काढला. खेळलेल्यांनी मनापासून मत द्या. न खेळलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो.

हा व्हिडिओ गेम २००२ साली निन्टेन्डोच्या गेमक्यूब कन्सोलवर आला. १९९६ च्या सुपर मारिओ ६४ नंतरचा पुढचा मोठा थ्रीडी मारिओ हाच, म्हणजे लोक सहा वर्षं थांबलेले. मारिओ आणि राजकन्या पीच डेल्फिनो नावाच्या बेटावर सुट्टीला जातात, विमानतळावर उतरतात तोच समोर चिखलाचा राडा. मारिओसारखाच दिसणारा कोणीतरी (शॅडो मारिओ) बेटभर रंग फासून गेलेला असतो. आपला मारिओ बिचारा तो पहिला राडा धुतो आणि उलट त्यालाच पकडून कोर्टात उभं करतात, शिक्षा काय तर सगळं बेट साफ कर. साफ करायला पाठीवर पंप, त्याचं नाव फ्लड. आपल्याकडे द्राक्षाला, कापसाला फवारणी करताना पाठीवर टाकी घेतात ना, अगदी तेच डोळ्यासमोर आणा. पाणी मारून चिखल धुवायचा, आणि नोझल बदललं की तेच पाणी खाली सोडून थोडा वेळ हवेत तरंगायचं. पुढे रॉकेट नोझल मिळतं उंच उडायला आणि टर्बो मिळतं सुसाट पळायला. टाकी संपली की कुठल्याही पाण्यात उतरून भरून घ्यायची.

माझं मत सरळ आहे. मारिओ हातात कसा वाटतो या बाबतीत मला आजही यापेक्षा सरस खेळ सापडलेला नाही. एकच गोष्ट सांगतो. बेटाच्या मुख्य चौकात सपाट फरशीवर उभं राहायचं, समोर पाणी मारायचं, पळत जाऊन त्या ओल्या पट्ट्यावर पोटावर झेप घ्यायची. मारिओ जो घसरत जातो, तो वेग, मधेच उडी मारून त्या घसरण्यातून बाहेर यायचं, लगेच भिंतीला पाय लावून उलट उडी, वरून तरंगत कौलांवर. यातलं काहीही खेळ तुम्हाला शिकवत बसत नाही. मी नुसता चौकात अर्धा अर्धा तास हे करत असतो, कुठलंही काम नसताना.

दुसरं म्हणजे जागा. सगळं एकाच बेटावर आहे. समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की लांब दुसऱ्या लेव्हलची जागा दिसते, पिन्ना पार्कचा मोठा पाळणा दिसतो. मारिओ ६४ मध्ये चित्रात उडी मारून जायचं, बर्फ इकडे लाव्हा तिकडे, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. इथे गाव आहे, बंदर आहे, हॉटेल आहे, डोंगराखालची वस्ती आहे, आणि तिथली माणसं (पियांटा आणि नोकी) तक्रारी करतात, चिखलातून ओढून काढलं की आभार मानतात.

आणि वाईट काय? निळी नाणी, कॅमेरा, आणि शेवटाकडे जायची पद्धत. त्यावर तुम्ही बोला, मग मी बोलतो.

---

उडीबाबा

धागा काढलास ते बरं केलंस, पण मुद्द्याच्या मुळाशीच मी असहमत आहे. तू ज्या पंपाचं कौतुक करतोयस त्यानेच खेळ बिघडवला.

उडी मारायच्या खेळात मजा कशात असते? पाय जमिनीवरून सुटला की आता आपल्या हातात काही नाही, अंदाज चुकला तर खाली, यात. मारिओ ६४ मध्ये लांब उडी घेताना पोटात जो गोळा यायचा तो त्यामुळे. सनशाइनने काय केलं, लांब उडीच काढून टाकली आणि तिच्या जागी तरंगणं दिलं. आता अंदाज चुकला तर बटण दाबून धर, दोन हात पुढे सरकून पोचशील. उडी ही निवड राहिली नाही, नुसती सुरुवात राहिली.

आणि हे मी म्हणतोय असं नाही, खेळच म्हणतोय. जागोजागी ज्या गुप्त लेव्हल आहेत, आत शिरलं की शॅडो मारिओ पंप हिसकावून पळतो, आजूबाजूला नुसतं आकाश, फिरणारे लाकडी ठोकळे, सरकणाऱ्या फळ्या, आणि मागे पहिल्या मारिओची जुनी धून तोंडाने गायलेली. विचारा कुणालाही सनशाइनमधलं काय आठवतं, दहातले आठ जण याच लेव्हल सांगतील. म्हणजे पंप काढून घेतल्यावर खेळ सगळ्यात चांगला होतो. मग पंपाचं काय कौतुक सांगायचं?

---

उनाड_दुपार

उडीबाबा, गुप्त लेव्हल मलाही जीव की प्राण आहेत, त्यावर वाद नाही. जेलाटो बीचवरची ती वाळूच्या ठोकळ्यांची, पाय ठेवला की ठोकळा विरघळायला लागतो, थांबलास की मेलास, ती तर मी डोळे मिटून काढू शकतो.

पण पंप असताना उडी सोपी होते म्हणून ती फालतू होते हे मला पटत नाही. बाहेरच्या लेव्हल बांधल्यात कशा ते बघ की. रिको हार्बरमध्ये क्रेनला लटकलेल्या जाळ्या, पाण्यावरचे अरुंद गर्डर. नोकी बेमध्ये सरळ उभे कडे, कड्यात कोरलेल्या खाचा. या जागा मारिओ ६४ च्या पद्धतीने चढायच्या म्हटल्या तर माणूस पहिल्या तासात कंटाळून सोडून देईल. तरंगता येतं म्हणून त्यांना एवढं उभं आणि उघडं बांधता आलं. तू म्हणतोस अंदाज गेला, मी म्हणतो अंदाज बदलला. आता अंदाज असा करायचा की किती उंचीवर गेल्यावर तरंगायला सुरुवात करू म्हणजे पाणी पुरेल. लवकर केलंस तर खाली पडतोस, उशिरा केलंस तरी पडतोस. आणि तरंगताना खाली जे पाणी पडतं त्याने खालचा चिखल धुतला जातो, खालचे शत्रू लोळतात, म्हणजे एका हालचालीत दोन कामं.

लांब उडी काढली याचं मात्र मलाही वाईट वाटतं. दोन्ही ठेवता आलं असतं.

---

ठाणेकर_८८

तुमचा पंपाचा वाद चालू द्या, मी हिशोबाचं बोलतो कारण मला या खेळाचा राग तिथे आहे.

एकूण १२० शाइन (गोळा करायचे चमकते सूर्य) आहेत बरोबर? मारिओ ६४ मध्येही १२० तारे होते. पण ६४ मध्ये शेवटच्या लढाईला, म्हणजे खलनायक बाउझरकडे जायला ७० पुरायचे, आणि ते ७० कुठले ते तुम्ही ठरवायचं. एखादा तारा डोक्यात गेला तर सोडून द्या, दुसरीकडे जा. सनशाइनमध्ये असं नाही. सात लेव्हल, प्रत्येक लेव्हलच्या सातव्या एपिसोडमध्ये (एक एपिसोड म्हणजे एक कामगिरी, एक शाइन) शॅडो मारिओचा पाठलाग, तो सातही ठिकाणी केलात तरच चौकात पाणी भरतं आणि शेवटची जागा उघडते. आणि एपिसोड ओळीनेच उघडतात. म्हणजे सात गुणिले सात, एकोणपन्नास शाइन ठरलेल्या, त्यातली एकही सोडता येत नाही. मग उरलेल्या सत्तरेक कशासाठी? कुठेच उपयोग नाही! तुम्ही जीव तोडून शंभर नाण्यांची शाइन मिळवलीत, गुप्त लेव्हलमध्ये परत जाऊन वेळेत आठ लाल नाणी गोळा केलीत, दार एक इंचही उघडत नाही.

आणि हे जर ग्राहकाला, सॉरी खेळणाऱ्याला पहिल्यापासून सांगितलं असतं तर एक वेळ चाललं असतं. माझ्या लहान भावाने साठच्या वर शाइन जमवल्या होत्या आणि तरी काही उघडत नाही म्हणून तो हिरमुसून बसला होता, त्याला वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय. दोन लेव्हलमध्ये शॅडो मारिओ राहिला होता एवढंच. दहा वर्षांच्या पोराला हे कसं कळणार, खेळात कुठे स्पष्ट लिहिलेलं नाही.

शिवाय सात वेळा तोच पाठलाग! पळ, पाणी मार, पाडला, शाइन घे. सात वेगवेगळ्या ठिकाणी पळतो म्हणून वेगळा होत नाही. ज्या खेळात हॉटेलच्या छतातून वाट काढणं आहे, वाळूच्या पक्ष्यावर बसून उडणं आहे, त्यात सात एपिसोड एकाच पाठलागात घालवणं हा आळस आहे, माझं स्पष्ट मत.

---

मृण्मयी

ठाणेकर, शॅडो मारिओबद्दल +१. पण "उरलेल्या कशासाठी" हा प्रश्न मला पटला नाही. दार उघडायलाच सगळं करायचं का? मला त्या बेटावर फिरायचं असतं म्हणून मी त्या शाइन घेते.

आणि आता मी असं काही बोलणारे की सगळे तुटून पडाल. मला निळी नाणी आवडतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बेटावर २४० निळी नाणी लपवलेली आहेत, सातही मोठ्या लेव्हलमध्ये तीस तीस, वीस चौकात, दहा शेवटच्या डोंगरात. दहा नाणी नेऊन दिली की एक शाइन, म्हणजे १२० पैकी २४ शाइन अशा येतात. लोक म्हणतात नुसती भरती. मी हा खेळ पहिल्यांदा खेळले तेव्हा कॉलेजला होते, मैत्रिणीच्या खोलीवर, सुट्टीत ती गावाला गेली होती आणि कन्सोल माझ्याकडे ठेवून गेली होती. मला लेव्हल संपवायची घाई नव्हती. मी भिंतींकडे बघत फिरायचे. कुठे एक पुसट आकृती दिसली, पाणी मारलं, नाणं आलं. कुठे निळा पक्षी उडत होता, त्याला पाणी मारलं, नाणं पडलं. एका भिंतीवर फुलीची खूण, तिला पाणी मारलं तर नाणं दुसऱ्याच भिंतीवरच्या तशाच खुणेपाशी येतं आणि थोड्या वेळात नाहीसं होतं, मग पळत सुटायचं. मी बियांको हिल्समधल्या प्रत्येक घराची मागची बाजू बघितली आहे, पवनचक्कीच्या खालची बाजू बघितली आहे. निळी नाणी नसती तर मी तिकडे फिरकलेच नसते. आपण नव्या गावात गेल्यावर बोळाबोळातून हिंडतो तसं ते होतं.

पंप हा सफाईचा आहे ना, मग भिंतीकडे बघून "इथे पाणी मारून बघू" असं वाटणं हे त्या खेळाच्या कल्पनेतूनच आलेलं आहे. बाहेरून चिकटवलेलं नाही.

---

ठाणेकर_८८

मृण्मयी, पहिली शंभर नाणी तशीच मिळतात, मान्य. मलाही ती शंभर आवडली होती. पुढच्या एकशेचाळीसचं बोल.

एका लेव्हलमध्ये तीसपैकी सत्तावीस झाली. उरलेली तीन कुठे? खेळ फक्त आकडा दाखवतो, कुठली घेतली कुठली राहिली काहीही खूण नाही. त्यात काही नाणी ठराविक एपिसोडमध्येच असतात. म्हणजे तू चौथ्या एपिसोडमध्ये बसून कानाकोपरा धुंडाळतेस, आणि ते नाणं सहाव्यात आहे. तुझ्या त्या बोळात दहा वेळा गेलीस तरी ते तिथे नसणारच. मग आठही एपिसोडमध्ये तीच लेव्हल आठ वेळा चाळायची? याला हिंडणं म्हणत नाहीत, हरवलेली पावती शोधणं म्हणतात.

वर प्रत्येक नाण्यानंतर खेळ थांबून विचारतो सेव्ह करायचं का. दोनशेचाळीस वेळा. आणि सगळं करून १२० पूर्ण झाल्यावर मिळतं काय, तर शेवटी एक वेगळं चित्र. एवढंच.

---

मृण्मयी

एपिसोडचा मुद्दा मान्य करते. ते खरंच चुकलंय आणि त्याचं समर्थन मी करत नाही. प्रत्येक लेव्हलचा साधा नकाशा दिला असता आणि घेतलेल्या जागी ठिपका दिला असता तरी भागलं असतं. माझी शेवटची अकरा नाणी मी यादी बघून घेतली आणि तेव्हा मला अजिबात मजा आली नाही, हे खरं आहे.

पण म्हणून निळी नाणीच नकोत असं नाही ना. हिशोब वाईट ठेवला, कल्पना चांगली होती.

---

एडिसनवाली

मी इथे सहसा वाचतेच फक्त, पण हा खेळ निघाला म्हणून लिहिते. आम्ही न्यू जर्सीत होतो तेव्हा, बाबांच्या कामामुळे. २००३ च्या हिवाळ्यात दादाने आणि मी साठवलेल्या पैशांतून हा खेळ घेतला. बाहेर गुडघाभर बर्फ आणि आमच्या टीव्हीवर हे ऊन. तो समुद्राचा रंग मी विसरू शकत नाही. आई पोळ्या करता करता थांबून बघायची, म्हणायची गुहागरला चला.

मला एका वेगळ्या गोष्टीबद्दल सांगायचंय ज्याच्यावर कोणी बोललं नाही, ते म्हणजे बटण. गेमक्यूबच्या कंट्रोलरचं उजवं ट्रिगर खूप खोल जायचं आणि शेवटी टक् असा वेगळा आवाज व्हायचा. सनशाइन पूर्ण त्याच्यावर उभा आहे. हलकं दाबलं की बारीक धार आणि मारिओ पळता पळता पाणी मारतो. जास्त दाबलं की धार वाढते. टक् होईपर्यंत दाबलं की मारिओ जागेवर उभा राहतो आणि मग स्टिकने नेम धरायचा. म्हणजे नळ जसा आपण हळूहळू सोडतो तसं बोटात होतं. दादा एवढा सराईत झाला होता की पळताना पुढे फक्त एक ओली रेघ काढायचा आणि तिच्यावरून घसरायचा.

२०२० मध्ये निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलवर थ्रीडी ऑल-स्टार्स या जुन्या मारिओ खेळांच्या संचात तो परत आला तेव्हा मी आनंदाने घेतला. चित्र सुंदर, रुंद पडदा, सगळं स्वच्छ. पण स्विचच्या कंट्रोलरला तसं खोल ट्रिगर नाहीच, एक बटण पळता पळता पाणी मारायला, दुसरं थांबून नेम धरायला. काम होतं, पण ती बोटातली धार गेली. नंतर अपडेट आलं आणि टीव्हीला जोडून गेमक्यूबचा जुना कंट्रोलर वापरता यायला लागला, मग मी पुण्याहून येताना बॅगेतून आणलेला आमचा जुना कंट्रोलर काढला. उडीबाबा, तुम्ही पंप म्हणजे नुसतं तरंगणं धरून बोलताय असं मला वाटतं. पंपाचा अर्धा आनंद त्या ट्रिगरमध्ये होता. तुम्ही कशावर खेळलात?

---

उडीबाबा

एडिसनवाली, प्रश्न रास्त आहे. मी स्विचवरच खेळलो, आणि बराचसा प्रवासात, हातात धरून. खोल ट्रिगर मी अनुभवलेलं नाही. त्यामुळे धारेबद्दल तुम्ही म्हणता ते मी ऐकून घेतो.

तरी माझा मूळ मुद्दा हलत नाही. ट्रिगर कितीही चांगलं असो, तरंगण्याचं बटण हे चूक पुसणारं बटण आहे. उनाड म्हणतो उशिरा दाबलं तर पडतो. खरं सांग, किती वेळा पडलास? बाहेरच्या लेव्हलमध्ये मी जेवढा मेलो तो तरंगण्याच्या अंदाजाने नाही, कॅमेऱ्याने मेलो. मारिओ भिंतीमागे गेला की कॅमेरा भिंतीच्या मागेच अडकतो आणि आपल्याला मारिओची नुसती काळी सावली दिसते. बरं, मारिओ कुठे आहे ते कळतं, पण त्याच्या पायाखाली काय आहे ते कुठे कळतं? हॉटेलच्या खोल्यांमध्ये, पियांटा गावाच्या खालच्या बाजूला, रिकोच्या जाळ्यांच्या मागे. स्टिकने कॅमेरा फिरवून फिरवून अंगठा दुखायला लागतो.

---

शेवंती_वाडी

कॅमेऱ्याला सगळे शिव्या देतात म्हणून थोडी दुसरी बाजू. मारिओ ६४ चा कॅमेरा ठराविक टप्प्यांनी सरकायचा, हवा तो कोन मिळायचाच नाही. सनशाइनमध्ये दुसऱ्या स्टिकवर कॅमेरा पूर्ण आपल्या हातात, वर खाली गोल कसाही. आज सगळे थ्रीडी खेळ असेच चालतात, तेव्हा तसं नव्हतं. मोकळ्या जागेत मला त्याचा एकदाही त्रास झाला नाही. बंद जागेत मात्र उडीबाबा म्हणतात ते शंभर टक्के खरं, हॉटेलमध्ये मीही रडकुंडीला आले होते.

पण मला खरा राग लिली पॅडच्या (कमळाच्या पानाच्या) लेव्हलचा आहे, आणि कोणी अजून त्याचं नाव काढलं नाही याचं आश्चर्य वाटतंय.

चौकाजवळच्या समुद्रात एक छोटं बेट आहे, तिथे पाइप आहे, आणि पाइपच्या तोंडावरचा चिखल फक्त योशीच्या (मारिओ ज्याच्यावर बसतो त्या डायनासोरच्या) तोंडातल्या रसाने जातो. योशी पाण्यात पडला की विरघळतो. म्हणून त्याला होडीवर बसवून, त्या होडीच्या चालीने, एकीवरून दुसरीवर उडी मारत तिकडे न्यायचं, तेही त्याच्या पोटातला रस संपायच्या आत. होडी किती सावकाश जाते! पाच पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं. एकदा माझा योशी शेवटच्या उडीला काठावरून घसरला आणि मी कंट्रोलर खाली ठेवून गॅलरीत जाऊन उभी राहिले.

आत गेल्यावर विषारी नदी. एका पानावर उभं राहायचं, मागे पाणी मारून पान ढकलायचं, वाटेतली आठ लाल नाणी घ्यायची. प्रवाह एकाच दिशेने, एक नाणं चुकलं तर मागे फिरता येत नाही. पान थोड्या वेळाने विरघळतं. पाण्याला पाय लागला की मेलात. आणि सगळे जीव संपले की बाहेर, म्हणजे परत योशी, परत होड्या.

मला अवघड खेळ आवडतात. वाळूच्या ठोकळ्यांवर मी चाळीसेक वेळा मेले असेन, एकदाही राग आला नाही, कारण मेलं की दोन सेकंदांत परत सुरुवात. इथे मरण्याची शिक्षा म्हणून वाट बघायला लावतात. माझ्या मते या खेळातलं सगळं वाईट या एकाच प्रकारात मोडतं. निळी नाणी, होड्या, शेवटच्या डोंगरात लाव्हावरून ती होडी वल्हवणं. जिथे मारिओचे पाय आणि पंप हे दोन्ही सोडून तिसऱ्याच गोष्टीवर अवलंबून राहावं लागतं तिथे खेळ पडतो.

---

उनाड_दुपार

शेवंती, तुम्ही जे शेवटी लिहिलंत ते मला गेले कित्येक दिवस सांगता येत नव्हतं. अगदी हेच. पाचिंको (जपानी पिनबॉलसारखा खेळ) लेव्हलसुद्धा त्यातच, तिथे मारिओ हवेत गेला की आपण सांगू तिकडे जातच नाही, कुठलीतरी न दिसणारी ओढ त्याला खेचते. बाहेर ज्या मारिओवर मी डोळे मिटून विश्वास ठेवतो तोच आत गेला की परका.

आणि आता उडीबाबाला उत्तर. किती वेळा पडलास म्हणून विचारलंस. परवा मोजलं. नोकी बेचा कडा, खालपासून टोकापर्यंत, एकदाही पाण्यात न पडता चढायचं ठरवलं. नऊ वेळा पडलो. त्यातले दोन कॅमेऱ्याचे धर, ते तुझ्या खात्यात. सात माझ्या अंदाजाचे. मधल्या एका खाचेला भिंतीवरून उलट उडी मारली की लगेच तरंगायला सुरुवात करायची सवय हाताला लागली होती, आणि तिथे ती चूक आहे, तिथे आधी पूर्ण उंची गाठायची आणि मग बटण. सातव्यांदा ते हाताला कळलं. हे चूक पुसणं नाही रे, हे शिकणं आहे.

एक गोष्ट तुझी मान्य. पहिल्यांदा खेळणारा माणूस सगळीकडे बटण दाबून धरून सावकाश सरकत जाऊ शकतो आणि खेळ त्याला अडवत नाही. त्याला वाटणारच की एवढंच आहे. खेळाने त्याला घसरायला, फिरकी उडी मारायला भाग पाडायला हवं होतं, तसे एपिसोड फार कमी आहेत.

---

उडीबाबा

नऊ वेळा, बरं. मी तो कडा पूर्ण तरंगत तरंगत चढलो होतो, मधे मधे टाकी भरत. तुझ्या पद्धतीने चढून बघतो या शनिवारी, मग बोलू. पण जाता जाता मला एवढं सांगा, जेलाटो बीचवरच्या कलिंगडाच्या एपिसोडचं समर्थन आहे का कुणाकडे? डोंगरावरचं सगळ्यात मोठं कलिंगड ढकलत खाली सरबताच्या टपरीपर्यंत न्यायचं, वाटेत ते चोचीवाले कॅटाक्वॅक आले की कलिंगड उडवून फोडतात, समुद्राला लागलं तरी फुटतं. तिथे ना पंप ना उडी. शेवंतीताईंच्याच नियमाने हा एपिसोड नापास व्हायला हवा.

---

शेवंती_वाडी

नापासच! मी काही त्याची बाजू घेणार नाही. मारिओच्या पोटाने ढकलायचं, कलिंगड तिरकं सुटलं की पळत पुढे जाऊन अडवायचं, आणि तोवर मागून कॅटाक्वॅक हजर.

---

मृण्मयी

मला तो एपिसोड आवडतो, आणि या वेळी कारण सांगते. तिथे पहिल्यांदा मला त्या किनाऱ्याचा उतार कळला. आधीचे सात एपिसोड मी त्याच वाळूवरून पळाले होते पण कुठे खोलगट आहे, कुठे डावीकडे ओढ आहे, हे कलिंगड घरंगळायला लागल्यावर दिसलं. मी आधी कलिंगड वरच ठेवलं, एकटी खाली उतरून कॅटाक्वॅकना माझ्या मागे लावलं, लांब किनाऱ्याच्या टोकाला नेलं आणि तिथून पळत वर आले. मग डावीकडून, झाडांच्या बाजूने सावकाश. तिसऱ्या खेपेला पोचलं.

---

उडीबाबा

त्यांना आधी मागे लावून न्यायचं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी प्रत्येक वेळी कलिंगड सोबत घेऊनच त्यांच्यातून जायचो. शनिवारी कड्याच्या आधी हे करून बघतो.